व्हीपीएन लागलंय, पण मेल येईना

तलवाड्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. “मामा, व्हीपीएन लागलंय, हिरवं दाखवायलंय. पण मेल येईना. आउटलुक नुसतं फिरायलंय.” मागून बहिणीचा आवाज येत होता, आधी चहा पिऊन घे म्हणून.

भाचा पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेब पाहतो, पण बसतो गेवराई तालुक्यात आपल्या घरी, त्वरिता देवीच्या तलवाड्यात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातली खोली सोडून जी मुलं मराठवाड्यात परतली, त्यांतला तो एक. पुढे बरेच जण पुन्हा शहरात गेले, याच्या कंपनीने मात्र घरून काम चालू ठेवायची मुभा दिली. मी मेल सर्व्हर सांभाळण्याच्या कामात आहे, त्यामुळे त्याचं हे वाक्य वेगवेगळ्या गावांहून कितीतरी वेळा ऐकलं आहे. त्यातला ‘पण’ मला महत्त्वाचा वाटतो. बोलणाऱ्याची समजूत अशी असते की हिरवी खूण दिसली म्हणजे आपण ऑफिसात पोचलो, आता जे बिघडलं असेल ते मेलचं. मग तो मेलच्या सेटिंगमध्ये शिरतो, पासवर्ड बदलतो, खातं काढून पुन्हा टाकतो, आणि साडेनऊला होती त्याहून मोठी अडचण अकरापर्यंत उभी करतो. म्हणून मी त्याला पहिलं हेच सांगितलं की पासवर्डला हात लावू नकोस.

हिरवी खूण सांगते ते इतकंच की तुमचा लॅपटॉप आणि कंपनीचा व्हीपीएन सर्व्हर यांची ओळख पटली आणि दोघांमधली गुप्त किल्ली ठरली. व्हीपीएन म्हणजे उघड्या इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा. तुमच्या लॅपटॉपमधून बोगद्यात शिरणारं प्रत्येक पॅकेट आणखी एका बंद पाकिटात घातलं जातं, वर व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता लिहिला जातो, आणि पलीकडे पोचल्यावर ते बाहेरचं पाकीट फोडून आतलं पॅकेट ऑफिसच्या जाळ्यात सोडलं जातं. खेड्यापाड्यांना ही गोष्ट नवीन नाही. २००९ साली मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पाने देशभरातली पोलीस ठाणी एकमेकांशी जोडली, तेव्हा बहुतेक ठिकाणी बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर असाच बोगदा काढला गेला. पण बोगद्याच्या तोंडापासून मेल सर्व्हरच्या दारापर्यंतची वाट वेगळी असते, आणि हिरवी खूण त्या वाटेबद्दल काहीच सांगत नाही.

मी भाच्याला विचारलं, “येत नाही, का जात नाही? का दोन्ही?” हा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, कारण आउटलुकच्या एकाच खिडकीत दोन्ही दिसतं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत. पाठवण्याची भाषा एसएमटीपी, १९८२ ची. पेटी वाचण्याची भाषा आयमॅप, जी १९८६ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांनी मांडली. दोन भाषांची दारंही दोन. आयमॅपसाठी पोर्ट ९९३, पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५. जुन्या कागदांवर पाठवण्यासाठी २५ लिहिलेलं सापडतं, तेच घेऊन बसू नये. २५ हे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचं दार आहे, आणि घरगुती जोडण्यांवर ते बऱ्याचदा बंद केलेलं असतं. एक दिलासाही इथेच देऊन ठेवतो. तुमच्या लॅपटॉपला पेटी उघडता येत नाही म्हणून बाहेरून आलेली पत्रं हरवत नाहीत, ती सर्व्हरवर पडून असतात. सर्व्हरच बंद पडला, तरी पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. १९८६-८७ च्या सुमारास जुहूच्या एनसीएसटी संस्थेतून पवईच्या आयआयटीला साध्या टेलिफोन तारेवरून मेल जायची, तेव्हा तार सतत जोडलेली राहणं शक्यच नव्हतं. थांबून राहणं आणि वाट मोकळी झाली की पुढे जाणं हे मेलच्या घडणीतच आहे.

भाच्याचं उत्तर असं होतं की काल संध्याकाळपासून काहीच येत नाही, आणि एक सहकारी म्हणाला म्हणून त्याने सर्व्हरच्या नावाऐवजी थेट आकडी पत्ता टाकून पाहिला, तर आता सर्टिफिकेटचा इशारा येतो आहे. म्हणजे मूळ दुखण्यावर एक नवं दुखणं चढलं होतं. ते आधी उतरवायला हवं होतं.

सर्व्हर जे सर्टिफिकेट दाखवतो त्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही हाक मारली आकड्याने आणि ओळखपत्रावर निघालं नाव, तर आउटलुक शंका घेणारच, आणि त्याने ती घ्यावी. ‘पुढे जा’ दाबून ही शंका गप्प करण्याची सवय फार वाईट, कारण खराखुरा भामटा मध्ये बसला तरी इशारा असाच दिसतो. त्याला मी नाव पुन्हा टाकायला लावलं. याच ठिकाणी लॅपटॉपचं घड्याळही पाहून घ्यावं. जुन्या लॅपटॉपमधली बटणासारखी बॅटरी संपली की यंत्र काही वर्षं मागे जातं, आणि त्याच्या लेखी आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. घड्याळ चुकलं तर दर ३० सेकंदांनी बदलणारा लॉगिनचा कोडही जुळत नाही.

आता मूळ दुखणं. नावाला आकडी पत्त्यात बदलण्याचं काम डीएनएस करतं, आणि बोगद्याच्या कामात ते फार फसवं असतं. पुष्कळ कंपन्यांत मेल सर्व्हरच्या एकाच नावाला दोन पत्ते असतात, एक आतला, एक बाहेरचा. आतल्या डीएनएसला विचारलं तर आतला मिळतो. पण विंडोज ८ पासून लॅपटॉप एकाच वेळी सगळ्या जोडण्यांवर नाव विचारू शकतो, आणि घरच्या राउटरचं उत्तर आधी आलं तर तेच धरून बसू शकतो. राउटर एक तर बाहेरचा पत्ता देतो, नाही तर ‘असं नावच नाही’ म्हणतो. अँड्रॉइड फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असेल तरी असाच घोटाळा होऊ शकतो. पाहायचं सोपं आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एनएसलुकअप लिहून पुढे सर्व्हरचं नाव द्यायचं, एकदा व्हीपीएन बंद ठेवून, एकदा लावून. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं आणि ऑफिसवाले म्हणत असतील की आतला पत्ता वेगळा आहे, तर चोर सापडला. भाच्याकडे उत्तर बरोबर आलं. नाव ठीक होतं.

मग मी त्याला घरच्या राउटरचा पत्ता विचारला. याचं कारण एक जुनी गोष्ट. घरातल्या आणि ऑफिसातल्या खासगी जाळ्यांसाठी १९९६ मध्ये पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले गेले, ते कुणीही वापरावेत असे. सोय झाली, पण राउटर बनवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी मुळातच १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हेच आकडे घालून दिले. एखाद्या छोट्या कंपनीनेही आपला मेल सर्व्हर १९२.१६८.१.१० वर बसवलेला असतो. आता तुमच्या घरीही तोच पट्टा असेल, तर लॅपटॉपला वाटतं की हा सर्व्हर आपल्याच ओसरीत आहे. तो त्याला घरात शोधतो, बोगद्याकडे वळतही नाही. एकाच नावाचा वाडा दोन गावांत असावा आणि टपाल आपल्याच गावच्या वाड्यात पडावं, तसं. ही अडचण ओळखायची खूण मला फार उपयोगी पडली आहे. घरच्या वायफायवर मेल येत नाही, पण फोनच्या हॉटस्पॉटवर येते, तर सर्वांत आधी हा संशय घ्यावा, कारण हॉटस्पॉटचा पट्टा बहुधा वेगळा असतो. उपाय घरीच आहे. राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.७७ असा काही आडवळणाचा करून टाकायचा. भाच्याचा पट्टा ऑफिसशी भिडत नव्हता.

पुढची पायरी, दार ठोठावणं. पूर्वी यासाठी टेलनेट वापरत. विंडोजमध्ये ते आता मुळात बंद असतं, त्याऐवजी पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन चालतं. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ९९३ दिला की दार उघडलं का ते ते सांगतं. इथे ‘नाही’चे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. लगेच, ठाम नकार आला, तर तुम्ही बहुधा त्या यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या दाराआड कुणी बसलेलं नाही, म्हणजे सेवा बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे. बराच वेळ काहीच उत्तर नाही, मग ‘वेळ संपली’, तर पॅकेट वाटेतच हरवलं किंवा फायरवॉलने गिळलं. पहिल्या वेळी मेलवाल्याला फोन करावा, दुसऱ्या वेळी नेटवर्कवाल्याला. हा फरक सांगता आला तर पलीकडचा माणूस तुमचं बोलणं पहिल्या मिनिटापासून मनावर घेतो.

भाच्याचं ९९३ उघडं होतं. ५८७ ही उघडं होतं. नाव बरोबर, वाट बरोबर, दार उघडं, आणि तरी आउटलुक फिरतच होतं. “मामा, कामून असं व्हायलंय?” मला खरं तर बरं वाटलं. एवढं सगळं ठीक असून गाडी अडते, तेव्हा बहुतेकदा एकच कारण निघतं, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. पॅकेटचा आकार.

इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट धरलेली असते. याला एमटीयू म्हणतात. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर आणखी एक पाकीट चढवतं, आणि त्या पाकिटालाही जागा लागते. वायरगार्ड या नव्या पद्धतीत ती ६० ते ८० बाइट असते, म्हणूनच त्याचा नेहमीचा एमटीयू १४२० ठेवलेला असतो. गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली भरणारे हे न शिकवता जाणतात. वाटेवरचा उंचीचा दांडा हलत नाही, म्हणून वरून आणखी काही बांधायचं असेल तर मोळ्या एक थर कमी लावाव्या लागतात. गावाकडे दांडा आणखी खाली असू शकतो. ब्रॉडबँड पीपीपीओई पद्धतीचं असेल तर १५०० चे आधीच १४९२ झालेले असतात. मोबाइलच्या जाळ्यात जुन्या पद्धतीच्या पॅकेटचं वाटेत आयपीव्ही६ मध्ये रूपांतर होत असेल तर पत्त्याचा मथळाच २० बाइटांवरून ४० चा होतो.

खरं तर यावर तोड काढून ठेवलेली आहे. वाटेतल्या एखाद्या राउटरला पॅकेट मोठं वाटलं तर त्याने पाठवणाऱ्याला उलट निरोप द्यायचा की एवढं मोठं जाणार नाही, लहान कर. १९९० मध्येच ही पद्धत लिहून झाली. पण हा निरोप आयसीएमपी नावाच्या वाहनातून येतो, आणि सुरक्षेच्या नावाखाली पुष्कळ फायरवॉलवर ते वाहन सरसकट अडवलेलं असतं. मग पाठवणारा मोठी पॅकेट पाठवत राहतो, ती दांड्याला अडून पडत राहतात, आणि त्याला कुणी सांगत नाही. या अवस्थेला जाणकार ‘ब्लॅक होल’ म्हणतात, आणि नाव चपखल आहे. मला सरसकट आयसीएमपी बंद करण्याचा राग येतो तो यासाठीच. एका ठिकाणच्या आंधळ्या काळजीपोटी शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाचा दिवस वाया जातो, आणि त्याचा नेट खराब आहे असं म्हणून त्यालाच दोष दिला जातो.

याची लक्षणं मात्र इतकी ठळक असतात की एकदा पाहिली की विसरत नाहीत. दार ठोठावण्याची पॅकेट चिमुकली असतात, ती सहज जातात. त्यानंतर सर्व्हर आपलं सर्टिफिकेट पाठवतो, ते काही हजार बाइटांचं असतं, म्हणजे पूर्ण भरलेली पॅकेट. ती अडली की आउटलुक ‘जोडत आहे’वरच फिरत बसतं. कधी फक्त एकाच दिशेची वाट अरुंद असते, मग लॉगिन होतं, दोन ओळींची पत्रं येतात-जातात, आणि जोडपत्र लावलेलं पत्र आउटबॉक्समध्ये अडकतं. त्यातही मेलमधून जाताना जोडपत्र अक्षरांच्या रूपात बदललं जातं आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगतं, म्हणजे ७ एमबीची फाइल ९ एमबीच्या वर जाते.

मोजायला फक्त पिंग लागतं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या, पॅकेटचे तुकडे करू नकोस आणि आत एवढे बाइट भर. १४७२ भरले तर मथळ्यांचे २८ मिळून बरोबर १५०० होतात. बोगद्यापलीकडचं पिंगला उत्तर देणारं एखादं यंत्र निवडून मी भाच्याला आकडे द्यायला लागलो. १४७२, नाही. १३७२, नाही. १२७२, गेलं. मग मधला १३२२, गेलं. १३४८, नाही. असं अर्धं-अर्धं करत आम्ही १३३२ वर आलो. त्यात २८ मिळवले की १३६०. म्हणजे ओसरीपासून ऑफिसापर्यंतच्या या वाटेत १३६० च्या वरचं काही जात नव्हतं, आणि लॅपटॉपची समजूत मात्र १५०० ची होती. त्याच्या व्हीपीएनच्या जोडणीचा एमटीयू मी १३०० करायला सांगितला, थोडी ऐसपैस जागा ठेवून. १२८० च्या खाली जाऊ नये, कारण आयपीव्ही६ ला निदान तेवढी जागा लागतेच. व्हीपीएन काढून पुन्हा लावलं, आउटलुक उघडलं. आधी कालची एकतीस पत्रं धडाधड आली, मग आउटबॉक्समधलं जीएसटीचं जोडपत्र गेलं. “गेलं, मामा!” एवढंच तो म्हणाला.

दुपारी वीज गेली. राउटर बंद पडला, भाच्याने फोनचा हॉटस्पॉट लावला, आणि व्हीपीएन हिरवंच दिसत असताना मेल पुन्हा थबकली. हे दुखणं वेगळं, आणि त्यावर बरेचदा थोडं थांबणं हेच औषध असतं. व्हीपीएनने आपल्या सर्व्हरशी धरलेली जुनी जोडणी अजून राउटरच्या पत्त्यावर बेतलेली असते. पलीकडचं टोक ओळखेनासं झालेलं असतं आणि अलीकडच्याला ते कळलेलं नसतं. ओपनव्हीपीएनमध्ये बहुधा मिनिटभर उत्तर आलं नाही तर बोगदा स्वतः पुन्हा उभा राहतो. वायरगार्ड पत्ता बदलला तरी चालत राहतं. वीज न जाताही असं होऊ शकतं. मोबाइल कंपन्या एका बाहेरच्या पत्त्याआड अनेक ग्राहक बसवतात आणि गप्प बसलेल्या जोडण्या काही वेळाने विसरून जातात. आयमॅपमध्ये नव्या पत्राची वाट पाहणारी जोडणी मात्र नियमाप्रमाणे तब्बल २९ मिनिटं गप्प बसू शकते. म्हणून अशा ठिकाणी व्हीपीएनने अधूनमधून हुंकार द्यावा अशी व्यवस्था करतात. वायरगार्डमध्ये त्यासाठी २५ सेकंदांचा आकडा सुचवलेला आहे. नवरात्रात देवीच्या यात्रेला गर्दी होते आणि एकाच टॉवरवर माणसं वाढतात, तेव्हा हा हुंकार जास्तच उपयोगी.

आता पासवर्डबद्दल, म्हणजे त्याला हात लावू नकोस असं मी का म्हणालो ते. एका कंपनीत मी काही दिवस मदतीला होतो. तिथे रोज सकाळी दहाच्या सुमाराला व्हीपीएनवरच्या सगळ्यांची मेल एकदम बंद पडायची आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायची. तीन दिवस आम्ही बोगदा तपासत होतो. मेल सर्व्हरवर फेल२बॅन बसवलेलं होतं. कुणी दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला की त्या पत्त्याला दहा मिनिटं दार बंद, ही त्याची ठरलेली रीत. आणि व्हीपीएनची रचना अशी होती की आत येणारा प्रत्येक जण मेल सर्व्हरला एकाच पत्त्याचा दिसायचा. एका बाईंनी पासवर्ड बदलला होता, पण घरात मुलाकडे दिलेल्या जुन्या फोनवर जुनाच राहिला होता. तो फोन रोज सकाळी व्हीपीएनमधून इमानेइतबारे पाच वेळा दार ठोठावायचा, आणि त्याच्यापायी पस्तीस माणसांना बाहेर बसावं लागायचं. नोंदी वाचल्या तेव्हा पाच मिनिटांत उलगडलं. त्या बाईंना फार संकोच वाटला. खरं तर त्यांची काही चूक नव्हती. व्हीपीएनचा पत्ता बंदीतून वगळायचं आम्हीच विसरलो होतो.

भाच्याच्या कंपनीचा नेटवर्क सांभाळणारा मुलगा चांगला निघाला. मी त्याला सगळे आकडे लिहून पाठवले, १३३२ जातं, १३३३ जात नाही, कुठल्या यंत्राला पिंग केलं, कुठली जोडणी होती. दुसऱ्याच आठवड्यात त्याने व्हीपीएन सर्व्हरवर मेलसारख्या सगळ्या जोडण्यांचा पॅकेट-आकार मुळातच लहान ठरेल अशी तजवीज केली आणि आयसीएमपीचा तो एक निरोप फायरवॉलमधून मोकळा सोडला. त्याने लिहिलं की जालन्याहून आणि परभणीहून काम करणाऱ्या दोघींची हीच तक्रार महिनाभर पडून होती, त्यांनाही आता जोडपत्रं पाठवता येतात. भाच्याच्या लॅपटॉपवरचे १३०० आता काढायला हरकत नाही. पण तो म्हणतो, राहू द्या मामा, दिवाळीत तुम्ही याल तेव्हा बघू.